फाळक्याखालचा कॅमेरा

मागं येणाऱ्या पिकअपखाली शेळीचं करडू मेलं त्या संध्याकाळी शिवलीला रडली नाही, भांडली नाही. तिनं मुकाट्यानं पोरीचे कपडे पिशवीत भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पोरीला बेंबळीला, आपल्या आईकडं नेऊन सोडलं. परत आल्यावर नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आता घ्या गाडी मागं, कशी घ्यायची तशी."

अणदुरात त्यांचं घर गावाच्या कडेला. पुढं ऐसपैस अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. शिवशरण पहाटे टमाट्याचे कॅरेट भरून सोलापूरच्या मार्केटला जायचा, तेव्हा भरल्या गाडीचं तोंड रस्त्याकडं पाहिजे. म्हणून संध्याकाळी येताना पिकअप मागं मागं घेतच अंगणात यायची. दिवसभर तापलेल्या अंगणात पिकअप उभी राहिली की तिच्याखाली सावली पडायची. त्या सावलीत कोंबड्या बसायच्या, शेळी बसायची आणि तीन वर्षांची शिवांजली, म्हणजे अंजी, आपली भातुकली घेऊन तिथंच बसायची. सावली गाडीबरोबर येते एवढं त्या पोरीला पक्कं ठाऊक झालं होतं. हॉर्न वाजला की ती गाडीकडंच पळायची. करडालाही तेच ठाऊक झालं होतं.

शिवलीलाचा स्वभाव मुळातच धास्तीचा. नळदुर्गच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलेली, पण पोर झाल्यापासून जगातल्या निम्म्या वस्तू तिला धोक्याच्या दिसायच्या. पाण्याच्या टाकीवर झाकण, झाकणावर दगड. पोरीच्या पायात घुंगरांचे वाळे, कुठं आहे ते कळावं म्हणून. पण डिझेलच्या इंजिनापुढं घुंगरू कोण ऐकतंय? म्हणून हॉर्न वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची, पोरीला काखेला मारायची आणि ओरडायची, "हाय माझ्याकडं!" मगच शिवशरण रिव्हर्स टाकायचा. करडाला मात्र काखेला मारणारं कुणी नव्हतं.

शेजारचा इरण्णा, शिवशरणचा लहानपणापासूनचा दोस्त, भिंतीवरून म्हणायचा, "वैनी, पोरीला पण नंबरप्लेट लावा की. लाल लाइट बी लावा."

शिवशरण हसायचा. तीही हसायची, आतल्या आत मात्र काहीच हसत नव्हतं.

पोरगी बेंबळीला गेली आणि घर असं गप्प झालं की हसणंच संपलं. सासूबाई हरणाबाई, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणत, त्या दाराच्या उंबऱ्यावर बसून रिकाम्या अंगणाकडं बघत राहायच्या. शिवशरण जेवताना पहिला घास उचलायचा आणि सवयीनं शेजारी हात न्यायचा, पोरीला भरवायला.

असा आठवडा गेल्यावर एका रात्री जेवताना तो घसा खाकरून म्हणाला, "गाडीला ती मोठी स्क्रीन बसवावी म्हणतोय. इरण्णानं बसवली तशी. बोटानं सरकवायची. गाणी, नकाशा, फोन, समदं त्यात. जुना टेप पार मेलाय."

त्याला वाटलं, बायको भडकणार. पोरगी घरात नाही आणि याला गाणी सुचतायत.

"बसवा," शिवलीला म्हणाली.

"आं?"

"बसवा म्हणते. पण स्क्रीनबरोबर मागं कॅमेरा पाहिजे. रिव्हर्स टाकला की मागचं समोर दिसलं पाहिजे. तो कॅमेरा बसला, मी माझ्या डोळ्यांनी बघितला, की अंजीला आणायचं. तोवर नाही."

अव्वा उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "मग उद्याच बसीव की रं शरणू. कशाची वाट बघायलास?"

*

नळदुर्गला बसस्टँडच्या पुढं फिरोजचं दुकान होतं. गाड्यांचे टेप, लाइट, सीटकव्हर. दुकानापुढं कायम दोन गाड्यांची दारं उघडी आणि आत माणसांचे फक्त पाय दिसायचे. शिवलीला बरोबर आलेली बघून फिरोजनं खुर्ची पुसून दिली आणि चहा सांगितला. त्याला वाटलं, वहिनी बाजाराला आल्यात, घटकाभर बसतील आणि जातील.

शिवलीला खुर्ची उचलून पिकअपच्या अगदी दाराशी घेऊन बसली.

जुन्या टेपची जागा एवढीशी, स्क्रीन पाटीएवढी. फिरोजनं डॅशबोर्डवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि करवतीचं पातं लावलं. पहिल्या खरखरीला शिवशरणनं डोळे मिटले.

"हळू रे बाबा."

"शिवशरणभाऊ, तुम्ही तिकडं तोंड करून बसा," फिरोज म्हणाला. "मागच्या वेळी एक जण रडला होता माझ्या दुकानात. गाडीचं ऑपरेशन मालकानं बघायचं नसतंय."

फ्रेम बसली, वायरी बाहेर आल्या. फिरोज एकेक वायर टेस्टरनं तपासत होता. ही बॅटरीची, ही चावीची, ही स्पीकरच्या बॉक्सची. शिवलीला विचारत होती आणि तो सांगत होता. माणूस मनमोकळा. कॅमेऱ्याची एक वायर मागच्या पांढऱ्या लाइटला जोडायची, म्हणजे रिव्हर्स पडला की लाइटबरोबर कॅमेराही जागा होतो आणि स्क्रीन आपोआप मागचं दाखवते, हे तिला लगेच उमगलं. कॉलेजात सर्किटच्या तारा जोडलेल्या हातांना जरा खाज सुटल्यासारखंही झालं.

मग फिरोज ड्रिल घेऊन गाडीच्या मागं गेला आणि फाळक्याच्या मधोमध खूण करायला लागला. फाळका म्हणजे हौद्याचं मागचं पाडायचं दार.

"इथं नको," शिवलीला म्हणाली.

फिरोज थांबला. "भाभी, समद्या पिकअपला इथंच बसवतो मी. उंचावरून लांबपर्यंतचं दिसतंय."

"फाळका पाडल्यावर काय दिसतं?"

"फाळका पाडून कोण गाडी मागं घेतंय, भाभी?"

शिवलीलानं नवऱ्याकडं बघितलं. शिवशरण स्टँडवरची एसटी बघायला लागला.

"हे घेतात," ती म्हणाली. "चौकात दुसऱ्यांचे रिकामे कॅरेट उतरवतात आणि घर जवळच आहे म्हणून फाळका साखळ्यांवर आडवा ठेवून तसेच येतात. रोज. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. करडू मेलं तेव्हाही फाळका पडलेलाच होता."

"अगं, रोज न्हाय..."

"रोज."

फिरोजनं फाळका साखळ्यांवर आडवा टाकला, वाकून खुणेकडं बघितलं आणि ड्रिल खाली ठेवलं. आता ती खूण सरळ जमिनीकडं तोंड करून होती. "व्हय की," तो म्हणाला. "कॅमेरा खडी मोजत बसंल. भाऊ, मी आजवर कितीतरी पिकअपला इथं बसवलाय. कुणी बोललं न्हाय."

"बोलणार कोण?" शिवलीला म्हणाली. "गाडी चालवणाराला ठाऊक असतंय की आपण फाळका पाडून येतो, पण ते तो तुम्हाला सांगायला येतोय होय?"

फिरोज मोठ्यानं हसला. शिवशरणनं कान खाजवला.

मग जागेचा शोध सुरू झाला. हौद्यावर वर बसवावा तर कॅरेट चढवता-उतरवताना घाव बसणार. शेवटी शिवलीला स्वतः साडी सावरून खाली बसली आणि फाळक्याखालची, नंबरप्लेटशेजारची लोखंडी आडवी पट्टी बोटानं दाखवली. "इथं. फाळका लावलेला असो नाहीतर पडलेला, याच्या पुढं काही येत नाही. आणि पोर जेवढं उंच, तेवढ्यावरच नजर."

"चिखल उडंल भाभी. रोज माखणार."

"रोज पुसेन मी."

"वायर बी पुरणार न्हाय. ही कारची वायर हाय, लांडी."

"मग लांब घाला."

फिरोजनं शिवशरणकडं बघितलं. शिवशरण म्हणाला, "घाल बाबा. पोरगी माहेरी नेऊन ठिवलीय हिनं. माझंच चालत असतं तर म्या इथं आलो असतो व्हय हिला घेऊन?"

पण असं म्हणताना तो बायकोकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघत होता. तिनं ते टिपलं. न टिपायला ती दुसरी कुणी असायला पाहिजे होती.

फिरोजनं लांब वायर आणली, नळीत ओवली, सायलेन्सरपासून लांब ठेवत चासीला जागोजाग बांधत पुढं नेली. संध्याकाळी स्क्रीन लागली तेव्हा निळा उजेड केबिनभर पसरला. शिवशरणनं रिव्हर्स टाकला आणि समोर नळदुर्गचा रस्ता उलट्या अंगानं उगवला. एक कुत्रं, पेरूची हातगाडी, कुणाच्या तरी चपला.

"आयला," एवढंच तो म्हणाला. आणि मग घरी येईपर्यंत गाणी लावली, एवढ्या मोठ्यानं की चौकातली माणसं वळून बघत होती.

*

दुसऱ्या दिवशी मार्केटला सुट्टी होती. सकाळी अंघोळी उरकल्या, की आधी अंगणात पारख करायची आणि मग तडक बेंबळीला जाऊन पोरीला आणायची, असं ठरलं होतं. शिवशरणनं गाडी धुतली. अव्वांनी नेहमीप्रमाणे पूजा केली. नवी वस्तू बसलीय म्हणून नारळही फोडला. शिवलीला हात पुसत बाहेर आली तोवर शिवशरण केबिनमध्ये बसून स्क्रीनवर थापट्या मारत होता.

"गेला," तो म्हणाला. "एका रात्रीत गेला कॅमेरा."

तिनं आत डोकावलं. रिव्हर्स पडलेला, आणि स्क्रीनवर नुसतं धुकं. पांढरंफट्ट. अंगण नाही, फाटक नाही, काही नाही.

"फिरोज सांगत होता फाळक्यावर बसवू दे म्हणून," शिवशरणचा आवाज चढला. "तो काय येडा हाय? खाली दगड उडाला असंल, फुटला असंल. लांब वायर, कुठंतरी तुटली असंल. झालं आता. गाणी तेवढी ऐकायची."

भिंतीवरून इरण्णाचं डोकं वर आलं. "काय झालं रं?"

"कॅमेरा उडाला."

"वैनीनं बसवला न्हवं का? मग कसा उडंल?" इरण्णा दात काढत म्हणाला.

माणसांच्या बोलण्याचं तिला एवढं काही नव्हतं. पण तिनं आईला फोन करून सांगून ठेवलं होतं, आज येतोय. पोरीला सकाळपासून फ्रॉक घालून ओट्यावर बसवलं असणार. आता फोन करायचा आणि सांगायचं, येत नाही? आणि आज कॅमेरा गेला म्हणजे शिवशरण पुन्हा काही नळदुर्गला जाणार नाही. गाणी वाजतायत. त्याचं काम झालंय. गाडी तशीच आंधळी अंगणात येत राहणार आणि पोरगी बेंबळीला मोठी होणार.

शिवशरण फिरोजला फोन लावायला लागला.

"थांबा," ती म्हणाली. "वायर तुटली असती तर स्क्रीन काळी पडली असती. काल जोडायच्या आधी काळीच होती. ही पांढरी आहे."

"मग?"

"मागं कुणीतरी हात हलवा."

अव्वा मागं होत्या. त्यांनी हातातला तांब्या हलवला. धुक्यातून एक सावली इकडून तिकडं गेली.

"जिवंत आहे," शिवलीला म्हणाली. तिचा आवाज तिलाच वेगळा वाटला. "कॅमेरा जिवंत आहे. त्याच्या तोंडावर काहीतरी आलंय."

ती मागं गेली, फाळक्याखाली वाकली आणि तशीच खाली बसून हसायला लागली. बटणाएवढ्या काचेवरून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, विभूतीचे तीन पट्टे ओढलेले. सुंदर, सरळ, वाळून पांढरे झालेले.

"अव्वा!"

"काय गं?"

"विभूती तुम्ही लावली?"

"मग कोण लावंल?" अव्वा म्हणाल्या. "बॉनेटला लावली, स्टेरिंगला लावली, ह्या नव्या बाळालाबी लावली. काय चुकलं?"

"अव्वा, तो त्याचा डोळा आहे."

अव्वा खाली वाकल्या, निरखून बघितलं, आणि त्यांच्या तोंडाचा आ झाला. "बया! म्या म्हटलं एवढं गोल गोल कपाळ हाय. मला काय माहीत ते मागं बघतंय!" त्यांनी पदराचं टोक तोंडानं ओलं केलं, तसंच आवरतं घेतलं, मग तांब्यातलं पाणी शिंपडून स्वच्छ पुसून काढलं. "मला माफ कर रे बाबा," त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या. "आजपासून तुझी विभूती नंबरप्लेटला."

केबिनमधून शिवशरणची आरोळी आली, "आलं! आलं! अव्वा, तुझं तोंड आलंय, लई मोठं आलंय!"

इरण्णा भिंतीवरून उडी मारून आत आला. तोही केबिनमध्ये डोकं खुपसून बघायला लागला. दोघं बराच वेळ अव्वांचं तोंड बघत हसत होते.

"हसून झालं असेल तर मला बसू द्या," शिवलीला म्हणाली.

तिनं अंजीची अंघोळीची लाल बादली आणली, उपडी ठेवली, तिच्यावर एक डबा ठेवला. पोरीच्या उंचीएवढं झालं. ते आधी फाटकाशी ठेवलं, मग जवळ, मग आणखी जवळ. स्वतः शिवशरणच्या जागेवर बसून बघत राहिली आणि अव्वांना सांगत राहिली, "डावीकडं. अजून. आता गाडीकडं सरकवा." गाडीला अगदी लगटून ठेवली तशी बादली दिसेना. नुसता डब्याचा वरचा काठ.

"तेवढं काय," इरण्णा म्हणाला. "एवढ्या जवळ कोण येतंय?"

"करडू आलं होतं," शिवशरण म्हणाला. इरण्णाला नव्हे, स्वतःलाच म्हटल्यासारखं.

तो उठला. ओट्याखालची आपली जुनी रबरी चप्पल घेतली, सुरीनं टाचेचा तुकडा उतरता कापला, पाना घेऊन गाडीखाली शिरला. कॅमेऱ्याच्या पायाखाली तो तुकडा पाचरीसारखा बसवला आणि स्क्रू आवळले. कॅमेऱ्यानं मान खाली घातली.

"आता बघ," तो गाडीखालून म्हणाला.

लाल बादली बुडापासून दिसली. गाडीच्या मागच्या कडेला लागूनची माती दिसली. वर फाटकही होतंच, अर्धं का होईना.

"दिसतंय," शिवलीला म्हणाली.

"नीट बघ. पुन्हा म्हणशील."

"नीट दिसतंय."

तो बाहेर आला, डोक्यात माती, हातात अर्धी चप्पल. "चला मग," तो म्हणाला, "बेंबळीला."

*

अंजी आली आणि अंगणाला पुन्हा आवाज फुटला. कोंबड्यांना काम लागलं. अव्वा उंबऱ्यावरून उठल्या.

त्या आठवड्यात फिरोजचा फोन आला. शिवशरणनं नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"शिवशरणभाऊ, भाभी हायेत का?"

"हाय की. काय काम?"

"दोन पिकअप आल्यात जळकोटच्या. खालीच बसव म्हणतेत, फाळक्यावर नको. तुमच्या गाडीचं कुठं मार्केटात बोललात जणू. ते तोंड खाली किती ठेवायचं, ते भाभीला विचारा. माझा अंदाज दरवेळी चुकायलाय."

शिवशरणनं फोन बायकोपुढं धरला. तिच्या गालावर ऊन आल्यासारखं झालं. पण आवाज पक्का ठेवून तिनं सांगितलं, "मापाचं काही नाही, फिरोजभाई. गाडीवाल्याच्या घरात लहान पोर किती उंच आहे विचारा. तेवढी बादली मागं लगटून ठेवा. बूड दिसलं की आवळा. आणि मालकालाच आत बसवून बघायला लावा, तुम्ही बघू नका."

"बरोबर," फिरोज म्हणाला. "मालकालाच."

फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "मार्केटात काय बोललात?"

"काय न्हाय."

"काय बोललात?"

"बायकोनं बसवून घेतलाय म्हणालो," तो म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. "खोटं हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉर्न वाजला. शिवलीला पीठ मळत होती. हात तसेच घेऊन ती धावली. सवयच ती. अंजी अव्वांपाशी चुलीसाठी आणलेल्या काटक्या मोजत बसली होती. शिवलीला तिला उचलणार एवढ्यात शिवशरणनं केबिनचं दुसरं दार आतून उघडलं.

"पोरीला राहू दे तिथं. तू ये. बस हितं."

"अहो, पण..."

"बस तर खरं."

ती चढली. पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून बसली. गाडीत तशी ती कितीदा बसली होती. पण फाटकाशी ती दरवेळी आधी उतरायची; गाडी मागं येताना आपण आत बसलोय असं आजवर कधी झालं नव्हतं. तिची जागा कायम बाहेर, काखेला पोर, डोळे चाकांवर. 'हाय माझ्याकडं' ही हाक तोंडाशी आली, पण पोर तिच्याकडं नव्हतंच.

शिवशरणनं रिव्हर्स टाकला. गाणं आपोआप बारीक झालं आणि समोर अंगण आलं. तिचं अंगण, खालून बघितलेलं. कडुनिंबाचं खोड केवढं जाड! कोंबडीचं डालगं घराएवढं. लांब उंबऱ्याशी अव्वांची पावलं. फाळका साखळ्यांवर पडलेला होता, पण आता तो वरून छपरासारखा होता, एवढंच.

गाडी मुंगीच्या चालीनं मागं सरकली. आणि काटक्या टाकून अंजी उठली. सावली आली होती. ती दोन्ही हात पसरून पळत निघाली, थेट कॅमेऱ्याकडं, क्षणाक्षणाला मोठी होत.

शिवलीलानं तोंड उघडलं.

गाडी थांबलेली होती. तिची हाक निघायच्या आत ब्रेक लागला होता. तिनं वळून नवऱ्याकडं बघितलं. तो स्क्रीनकडं बघत होता, दोन्ही हात स्टेअरिंगवर, पाय ब्रेकवर गच्च. तिच्यासारखाच. अगदी तिच्यासारखा, पापणी न हलवता.

अंजी फाळक्याखाली येऊन थांबली. समोरच्या काचेच्या बटणात तिला काहीतरी दिसलं असावं. तिनं नाक लावून आत बघितलं. स्क्रीनभर एक नाक आणि दोन नाकपुड्या भरून राहिल्या. मग जीभ बाहेर आली.

शिवलीलाच्या छातीतून मोठा श्वास सुटला. इतके दिवस कुठं अडकून बसला होता कोण जाणे. पिठाचे हात तिनं स्क्रीनला लागू नयेत असे वर धरले आणि बघत राहिली.

भिंतीपलीकडून इरण्णा ओरडला, "शरणू, गाडी मधीच का उभी केलीस रं? बंद पडली व्हय? आणि गाणं का बारीक केलंस?"

"थांब की जरा," शिवशरण म्हणाला. "पोरगी बघायलोय."